आडनाव काय म्हणालात?

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ खाऊन झाली, पन्ह्याचे पेले फिरले, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरची नवी बिऱ्हाडकरीण अंग चोरून बसली होती. समोरच्या काकूंनी तिच्याकडे वळून अगदी हसून विचारलं,

"नवीन दिसता. आडनाव काय म्हणालात?"

ती बिचारी अजून काहीच म्हणाली नव्हती! तिनं आडनाव सांगितलं.

"अस्सं. मूळचे कुठले तुम्ही?"

"यांचं गाव फलटणकडे. पण आम्ही बरीच वर्षं पुण्यातच आहोत."

"ते झालं हो. पण मूळचे?"

"फलटणचेच."

"बरं. आणि माहेरचं आडनाव?"

तेही तिनं सांगितलं. काकूंच्या कपाळावरची आठी काही उलगडेना. त्यांनी पुढचा मोहरा हलवला, "कुलदैवत कोणतं तुमचं?"

"जेजुरीचा खंडोबा."

इथे मात्र काकू चकल्या. कारण खंडोबा देशस्थांचा, तसाच मराठ्यांचा, धनगरांचा आणि रामोश्यांचाही. देवानं काही पत्ता लागू दिला नाही. मग काकूंनी शेवटचा बाण काढला, "नॉनव्हेज चालतं का हो घरात?"

मैत्रिणींनो, तुम्हाला हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण त्या मुलीच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला होता, तो पाहिला आणि माझं हसू जिरलं. पाच प्रश्न विचारले गेले, पण विचारायचं होतं एकच. तो सहावा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही. आपण सुशिक्षित आहोत, पुण्यात राहतो, आपल्याला ते शोभत नाही! मग काय करायचं? तर पुढच्या दारानं जाता येत नसेल, तर बोळातून वळसा घालून मागच्या दाराशी यायचं.

बाईला दोनदा द्यावी लागणारी परीक्षा

पुरुषांनाही हे विचारतात, नाही असं नाही. पण पुरुषाला एकच आडनाव असतं. आपल्याला दोन. त्यामुळे आपली परीक्षा दोन पेपरांची. सासरच्या आडनावावरून निकाल लागला नाही, तर माहेरचं काढायचं. आणि दोन्ही आडनावं एका 'जातीतली' वाटली नाहीत की विचारणारीचे डोळे चमकतात. "म्हणजे तुमचं लव्हमॅरेज का?" लग्नाला तीस वर्षं झालेली असोत, मुलगा नोकरीला लागलेला असो, त्या एका प्रश्नानं आपण पुन्हा मांडवात उभ्या राहतो.

१९७९ साली लग्न होऊन मी पुण्यात आले. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं होतं, त्या नावाला 'ओ' द्यायची अजून सवय व्हायची होती. ह्यांची नोकरी बँकेतली. आम्ही पेठांतून दोन खोल्या शोधत फिरत होतो. वाडे जुने, जिने अंधारे, पण प्रश्न मात्र सगळीकडे लख्ख. "किती माणसं?", "पाहुण्यांची वर्दळ फार नाही ना?" हे घरमालकानं विचारणं योग्यच. पण त्याआधी असायचं ते "आडनाव?" एका ठिकाणी खोल्या आवडल्या, भाडंही झेपणारं होतं. मालकीणबाईंनी चहा ठेवते म्हणून आधण ठेवलं. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. त्या आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी विसरलेच. ह्यांनी कालच कुणाला तरी शब्द दिलाय."

चहा आला नाही. स्टोव्ह बंद केल्याचा आवाज मात्र आम्हाला दोघांना नीट ऐकू आला.

जिना उतरताना हे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पण त्या दिवसापासून कुणी "आडनाव काय?" म्हटलं की मला तो स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आठवतो.

विचारतात तरी का?

आता न्यायानं बोलायचं तर प्रत्येक विचारणारी बाई दुष्ट असते, असं मुळीच नाही. आपल्याकडे ओळख करून घ्यायची रीतच ही. प्रवासात दोन बायका शेजारी बसल्या की अर्ध्या तासात कुणाची तरी मावसनणंद कुणाच्या तरी चुलतजावेची बहीण निघते! मग पोळीभाजीचा डबा उघडतो, लोणचं इकडून तिकडे जातं. परक्या गावात आपलं माणूस निघालं याचा आनंद खोटा नसतो. लग्नाचं स्थळ बघतानाही लोक विचारतात. ते योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, पण तिथे निदान काय विचारतोय ते उघड असतं.

खरी गोम तेव्हा असते जेव्हा उत्तरानंतर वागणं बदलतं. "तुम्ही अमक्या का? या ना, आत या" आणि "तुम्ही तमक्या का? बरं बरं" या दोन वाक्यांमधलं अंतर मोजायला फूटपट्टी लागत नाही. तेव्हा प्रश्न ओळखीचा राहत नाही, तो चाळणी होतो. आणि चाळणी हातात धरणारीला वाटतं, मी तर नुसतं नाव विचारलं!

आडनाव खरं तरी सांगतं का?

गंमत अशी की ज्या चाळणीवर आपण एवढा भरवसा ठेवतो, तिची भोकंच धड नाहीत. आडनावं आपल्याकडे पडली ती पुष्कळदा कामावरून किंवा गावावरून. गावचा हिशेब ठेवणारा तो कुलकर्णी, गावचा मुख्य तो पाटील, परगण्याचा तो देशमुख. हे हुद्दे होते. त्यामुळे पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, आगरी-कोळ्यांत आहेत. देशमुख ब्राह्मण असतात, मराठा असतात, कायस्थ असतात आणि मुसलमानही असतात. चव्हाण, पवार, जाधव म्हटलं की आपण एक अंदाज बांधून मोकळ्या होतो; पण हीच आडनावं बंजारा समाजातही आहेत. जोशी म्हटलं की पंचांग डोळ्यांपुढे येतं. पण गावोगाव भविष्य सांगत फिरणारे कुडमुडे जोशी हे भटक्या जमातीतले.

गावावरून पडलेल्या 'कर' आडनावांची तर आणखीच मजा. 'बूट पॉलिश' या १९५४ सालच्या चित्रपटातले प्रेमळ चाचा आठवतात? ते काम करणाऱ्या डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ते बेने इस्राएली, म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहून मराठी बोलणारे ज्यू. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं. हीच आडनावं दाराच्या पाटीवर पाहिली तर आपण काय समजू? १९८० ते १९८२ या काळात आपले मुख्यमंत्री असलेले बॅरिस्टर अंतुले रायगड जिल्ह्यातल्या आंबेत गावचे. नुसत्या आडनावावरून त्यांचा धर्म कोण सांगेल? आणि बाबासाहेबांचं घराणं सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या गावावरून शाळेच्या दप्तरात आंबडवेकर लागलं आणि पुढे ते आंबेडकर झालं. ज्या नावापुढे आज आपण आदरानं मान लववतो, ते एका खेड्याचं नाव आहे.

दुसरीकडे पाहिलं तर माणसं आडनावावाचूनही सुखानं जगतात. तमिळनाडूत १९२९ साली चेंगलपट्टूला पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद भरली. तिथे नावापुढची जातीची बिरुदं टाकून द्यायचं ठरलं. आज तिकडे बहुतेकांच्या नावामागे वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं. आमच्या सोसायटीतली एक तमिळ बाई मराठी शिकली, पुरणपोळी शिकली, पण कुठलाही फॉर्म भरायची वेळ आली की रडकुंडीला येते. "आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका, असं म्हणतात. आणू कुठून?" असं ती विचारते. काकूंचंही तिच्यापुढे काही चाललं नाही! आईसलँड नावाच्या लहानशा देशात तर घराण्याचं आडनाव सहसा नसतंच. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी एवढीच ओळख. लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही आणि टेलिफोनच्या पुस्तकात माणसं पहिल्या नावानं लावलेली असत. त्या देशाचं काही अडलं नाही.

एक पेला चहा

तुम्ही म्हणाल, "एवढ्याशा प्रश्नाचं काय घेऊन बसलात?" पण आपल्या पुण्यात जात ही नेहमी खाण्यापिण्याशी येऊन अडली आहे, म्हणजे शेवटी आपल्याच राज्यात, स्वयंपाकघरात. आणि ती अडवली गेली, तशी ओलांडलीही गेली आहे.

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. शाळा काढणं, भाषण करणं मोठंच. पण घरातल्या पाण्याला हात लावू देणं ही त्या काळी त्याहून अवघड गोष्ट होती. ते पाणी सावित्रीबाईंच्याही घरचं होतं. घरच्या बाईची साथ नसती, तर त्या हौदाशी कोण फिरकलं असतं?

पुढे १८९० सालचं पंचहौद मिशनचं चहाप्रकरण. मिशनरी मंडळींनी शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं आणि चहा-बिस्किटं पुढे ठेवली. कुणी घेतला, कुणी पेल्याला नुसता हात लावला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी मोठे इरसाल. त्यांनी सगळ्यांची नावं 'पुणेवैभव' पत्रात छापवली आणि शहरात आग लागली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांची नावं त्या यादीत! ग्रामण्य झालं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं सांगितली गेली.

ग्रामण्य म्हणजे काय, ते आजच्या मुलींना सांगायला हवं. ग्रामण्य म्हणजे वाळीत टाकणं. घरी भिक्षुक येणार नाही, श्राद्धाला ब्राह्मण मिळणार नाही, मुंज अडेल, मुलीचं लग्न अडेल, लेकींना माहेरी पाठवायला व्याही कां कूं करतील. चहा प्यायला कोण? तर पुरुष. आणि घरोघर तोंड बंद करून ते सोसलं कुणी? न्यायमूर्तींनी आपल्या मित्रांच्या अडचणी पाहून १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. ते रमाबाईंच्या मनाला किती लागलं, हे त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्या वाक्यांतून जाणवतं की चहाच्या पेल्याचं प्रकरण हे त्यांच्याही घरचं होतं.

"जुन्या गोष्टी झाल्या त्या!" असं म्हणाल, तर सप्टेंबर २०१७ आठवा. याच पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, त्यांच्याकडे सणावारी आणि श्राद्धाला सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा कोणता? तर तिनं आपली जात लपवली, आपण सुवासिनी आहोत असं भासवलं आणि सोवळं मोडलं. तक्रार मीठ-मसाल्याची नव्हती, तक्रार जन्माची होती. शहरात केवढा गदारोळ उठला, मोर्चे निघाले आणि काही दिवसांनी ती तक्रार मागे घेतली गेली. वर्तमानपत्रं पुढच्या बातमीकडे वळली.

त्या दिवसांत आमच्या सोसायटीत सगळ्याजणी म्हणत होत्या, "शी! असं कुणी करतं का?" मीही म्हणाले. आणि मग एकदम गप्प बसले. कारण मला १९९३ साल आठवलं.

आता माझीच गोष्ट

ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते.

तोवर आमचा स्वतःचा फ्लॅट झाला होता. मुलगी नऊ वर्षांची, मी एका शाळेत नोकरीला लागले होते आणि सकाळची धांदल आवरेना, म्हणून पोळ्यांना बाई ठेवायचं ठरवलं. कुणीतरी पाठवलं म्हणून एक मावशी दारात आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, "नाव काय मावशी?" त्यांनी नाव सांगितलं. आणि माझ्या तोंडून सहज, अगदी सहज निघून गेलं, "आणि आडनाव?"

"गायकवाड."

"कुठले गायकवाड?"

त्या दोन क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथलेच, पर्वतीपायथ्याचे." मी म्हटलं, "बरं, मी विचारून सांगते." कुणाला विचारायचं होतं मला? हे तर सकाळीच म्हणाले होते, "आज आली तर आजच ठेव, सुटशील." मावशींनी मान हलवली आणि जिना उतरून गेल्या.

मुलगी तिथेच गृहपाठ करत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली.

पंधरा दिवसांनी तिच्या वर्गातली एक नवी मैत्रीण खेळायला आली. दोघींची भातुकली मांडलेली. मी चिवडा घेऊन आत चालले होते, तो कानावर आलं. माझी लेक यजमानीण झाली होती आणि पदर सावरल्यासारखं करून विचारत होती, "आडनाव काय म्हणालात? अस्सं. पण कुठले शिंदे?"

आवाज माझा होता. तो 'अस्सं'सुद्धा माझा होता.

ती दुसरी चिमुरडी गोंधळून म्हणाली, "आम्ही ना, चौथ्या मजल्यावरचे शिंदे."

त्या पोरीला खरं उत्तर माहीत होतं आणि मी, शिकवणारी बाई, नापास झाले होते. चौदा वर्षांपूर्वी स्टोव्ह बंद झाल्याचा जो आवाज मी ऐकला होता, तोच आवाज मी माझ्या दारात दुसऱ्या बाईला ऐकवला होता. आणि आता तो माझ्या मुलीच्या भातुकलीत पोचला होता. या गोष्टी घराण्यात अशाच चालत येतात, मैत्रिणींनो. कुणी शिकवत नाही. पोरं फक्त ऐकतात.

मी त्या मावशींचा पत्ता काढून त्यांच्या घरी गेले. घरात दोन माणसं बसतील एवढीच जागा, पण भांडी अशी लखलखीत की माझ्या मांडणीची मला लाज वाटली. मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. येता का?" त्या म्हणाल्या, "ताई, दुसरं काम लागलं मला. राग नाही. पण एक सांगू? तुम्ही मला एक पोळीसुद्धा लाटून बघायला लावली नाहीत."

एवढंच म्हणाल्या. चहा केला. मी प्यायले. वाट्याला आलेल्या माणसाला चहा देण्याचं साधं काम जे मला आणि माझ्या त्या घरमालकीणबाईंना जमलं नव्हतं, ते त्यांना जमलं.

मग विचारावं काय?

हे सदर वाचणाऱ्या पुष्कळजणींच्या घरी पोळ्यांना, धुण्याभांड्यांना बाई असेल, नाहीतर शोध तरी चालू असेल. तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगते. बाई दारात आली की हे विचारा: वेळ कोणती जमेल? पोळ्यांबरोबर भाकरी येते का? तेल किती लागतं, तिखट कसं करता? महिन्यात खाडे किती, सणाची सुटी कोणती, पगार किती आणि तो कोणत्या तारखेला? शक्य तर एक दिवस चार पोळ्या करून बघायला सांगा आणि त्या दिवसाचे पैसे हातावर ठेवा. स्वच्छतेबद्दल काळजी असेल तर सरळ सांगा की आमच्याकडे हात धुऊन, केस बांधून ओट्याशी उभं राहायची रीत आहे. ही रीत घरातल्या सगळ्यांना सारखी ठेवा. एवढं विचारल्यावर बाईबद्दल जे कळायला हवं ते सगळं कळतं. आडनावानं पोळी फुगत नाही.

आणि तिचा चहाचा कप वेगळा, खिडकीत उपडा ठेवलेला असेल, तर तो आजच मांडणीत इतरांच्या रांगेत ठेवा. तोही एक न बोललेला प्रश्नच असतो.

सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं तर विचारायला गोष्टी काय थोड्या आहेत? पाणी किती वाजता येतं ते माहीत आहे का? दूधवाला ठरला का? मुलांची शाळा कुठली? गॅसचं झालं का? या प्रश्नांतून शेजार जुळतो. नाव विचारायचं तर तिचं स्वतःचं नाव विचारा. कित्येक बायका वर्षानुवर्षं 'अमक्याची आई' आणि 'तमक्या वहिनी' म्हणून राहतात; त्यांना स्वतःच्या नावानं हाक मारणारं माणूस भेटलं तर चेहरा खुलतो.

आता आपल्यालाच कुणी विचारलं तर? मी काही उपाय करून पाहिले आहेत. "मूळचे कुठले?" याला "मूळचे आईच्या पोटातले" हे उत्तर हसत दिलं की निम्म्याजणी पुढे जात नाहीत. "कुठले पवार?" याला "चौथ्या मजल्यावरचे" हे आमच्या शिंद्यांच्या पोरीनं शिकवलेलं उत्तर. फारच खोदून विचारलं तर आवाज न चढवता म्हणावं, "का हो, काही काम अडलंय का त्यावाचून?" या साध्या वाक्याला पुष्कळांकडे उत्तर नसतं. मुलांनाही हे शिकवा. शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी त्यांनाही हा प्रश्न भेटणार आहे आणि तिथे त्यांच्या बाजूला आपण नसू.

पण एक ध्यानात ठेवा. विनोद करून प्रश्न टोलवणं ज्यांना परवडतं त्यांनीच ते करावं. ज्या बाईला संध्याकाळपर्यंत खोली मिळवायची आहे, काम मिळवायचं आहे, ती विनोद करू शकत नाही. ती खरं सांगते आणि जिना उतरते, किंवा खोटं सांगते आणि रोज भीत भीत जगते. म्हणून उत्तर कसं द्यावं यापेक्षा प्रश्न विचारूच नये, हे जास्त महत्त्वाचं. आणि प्रश्न न विचारणं हे तर आपल्या हातात आहे.

काळ बदलतो आहे, नाही असं नाही. १ मे २०२४ पासून आपल्या राज्यात जन्मलेल्या बाळाच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरलं आहे. बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. माझ्या धाकट्या नातीच्या जन्मदाखल्यावर माझ्या लेकीचं नाव असं दिमाखात बसलंय. चार शब्दांच्या रांगेत आईला जागा मिळायला इतकी वर्षं लागली. आडनाव मात्र अजून शेपटीला आहेच. ते राहो बापडं. ते माणूस ओळखायची खूण म्हणून राहिलं तर माझं काही म्हणणं नाही. दार उघडायची किल्ली म्हणून नको.

परवा त्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे गेले होते. तिनं पोहे केले होते, वर ओलं खोबरं, कोथिंबीर. दोन तास गप्पा झाल्या. निघताना ती हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत."

मी म्हटलं, "अगं, विचारलं की. पोह्यांत साखर किती घालतेस ते!"

आणि हो, एवढा लांबलचक लेख वाचताना तुमच्या मनात एकदा तरी येऊन गेलं असेल, 'लिहिणाऱ्या बाईंचं आडनाव काय बरं?' आलं ना? मग तो प्रश्न तिथेच ठेवा आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत बसा. मीही तेच करते आहे.